एकशे बारा क्रमांकाचे घर

तीनशे घरांच्या तीनशे फॉर्मांपैकी दोनशे अठ्ठ्याण्णव फॉर्म संगणकात गेले होते. उरलेल्या दोहोंपैकी एक बदलापूरच्या एका म्हातारीचा. तो अर्धाच भरलेला होता आणि पुन्हा जाऊन पुरा करायचा होता. दुसरा पूर्ण भरलेला होता. तो राजरत्नच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली, चार दिवसांपासून घडी घालून पडला होता.

उल्हासनगरच्या महाविद्यालयातील दुसऱ्या मजल्यावरची ती खोली एके काळी प्रयोगशाळा असावी. बेसिन अजून होते, नळ नव्हता. तिथे बसून राजरत्न आणि शलाका गेले वर्षभर एकच काम करीत होते: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या माणसांच्या आयुष्यात आज धर्माला किती जागा उरली आहे, हे शोधण्याचे. प्रकल्प ऋता मॅडमचा होता, त्यावरचा प्रबंध राजरत्नचा, आणि शलाका पगारी साहाय्यक होती. घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, उत्तरे लिहून घ्यायची, मग त्या उत्तरांना आकडे द्यायचे. होय म्हणजे एक. नाही म्हणजे दोन. सांगता येत नाही म्हणजे नऊ.

"नऊ कमीत कमी द्या," ऋता मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "नऊ हा माणसांचा गोंधळ नसतो, राजरत्न. बहुतेक वेळा तो संशोधकाचा आळस असतो."

खाली चहाची टपरी चालवणाऱ्या भूपेशला हे काम मोठे गमतीचे वाटे. चहा घेऊन वर आला की दारातूनच विचारी, "क्या साईं, देव मोजून झाले की नाही?" घरे चिठ्ठ्या टाकून निवडली होती, आणि त्यांत त्याचेही घर निघाले होते. धर्म घरी, दुकानात फक्त धंदा, असे त्याने ठासून सांगितले होते. आणि सांगता सांगता, ग्राहकाला थांबवून, झुलेलालच्या फोटोपुढची विझलेली उदबत्ती पुन्हा पेटवली होती. शलाकाने त्याला विचारले होते, "मग हे काय?" तो म्हणाला होता, "ये? ये तो आदत है, मॅडम. ये मत लिखना."

राजरत्नने सतरावा प्रश्न भूपेशसारख्यांसाठीच घातला होता. तो त्याचा स्वतःचा प्रश्न होता, आणि त्याचा त्याला लाजरा अभिमानही होता. "घरात तुमच्याशिवाय कोणीही नसेल, त्या दिवशी तुम्ही हे करता का?" माणूस देवपूजा करो, नमाज पढो, वंदना म्हणो, ते सारे पाहणाऱ्यांसाठी आहे की स्वतःसाठी, हे या एका प्रश्नाने उघडे पडेल, असे त्याला वाटले होते. नियमही त्यानेच केले होते. फॉर्मवर नाव लिहायचे नाही. स्वतःच्या वस्तीत कोणी जायचे नाही. आणि एकाने भरलेल्या फॉर्मांना आकडे दुसऱ्याने द्यायचे, म्हणजे पक्षपात होणार नाही.

या तिन्ही नियमांचे काटेकोर पालन झाले, आणि म्हणूनच एकशे बारा क्रमांकाचा फॉर्म त्याच्या हाती आला.

शलाकाचे अक्षर गोल आणि समजूतदार होते. ठिकाण, बुवापाडा, अंबरनाथ. धर्म, बौद्ध. घरात दोन माणसे, आई आणि मुलगा. पती कारखान्यात होते, सहा वर्षांपूर्वी वारले. उत्तर देणारी व्यक्ती निवृत्त बालवाडी शिक्षिका. इथवर त्याने सवयीने वाचले. अशी घरे बुवापाड्यात चाळीस तरी निघतील. मग मुलाविषयीच्या रकान्यात लिहिले होते: "कॉलेजात धर्मावर काहीतरी लिहितो. मला वाचायला देत नाही."

त्या क्षणी त्याने फॉर्म मिटायला हवा होता. तोही एक नियम होता, न लिहिलेला. त्याने तो मिटला नाही.

रोज वंदना होते का? होय. किती वाजता? साडेसातला. कधीपासून? या प्रश्नापुढे शलाकाने आईचे बोलणे जसेच्या तसे उतरवले होते. "हे गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे निघून गेले आणि लाइट गेले. मी मेणबत्ती आणि काडेपेटी काढून ठेवली. पोराने ती उचलली आणि फोटोपुढे लावून वंदना म्हणायला लागला. मला वाटलं, ह्याला आधार पाहिजे असेल. मी पण बसले. तेव्हापासून रोज. माझ्या मनात तसं काही नाही. सगळं करायचे ते आमचे हे. पण पोरासाठी करते."

सतराव्या प्रश्नापुढे दोनच शब्द होते: "नाही करत." आणि समासात, कंसात: (हसून म्हणाल्या, त्याला सांगू नका.)

राजरत्नने फॉर्मची घडी घातली आणि तो पिशवीत, डब्याखाली सरकवला.

त्याला ती संध्याकाळ पाठ होती. किंवा पाठ आहे असे त्याला वाटत आले होते. वंदना ही त्या घरात वडिलांची गोष्ट होती. नरेंद्र पहाटे ड्यूटीवर जायचे, रविवारी विहारात पुढच्या रांगेत बसायचे, पौर्णिमेला पांढराशुभ्र सदरा घालून सगळ्या आळीला त्रिशरण म्हणायला लावायचे. राजरत्न त्यांच्या शेजारी बसे, ओठ हलवी, आणि मनात दुसरेच काही चालू असे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात तर त्याला कळून चुकले होते की त्या शब्दांपाशी तो जातो तो वडिलांचे बोट धरून. बोट सुटले तर तो तिथे जाणार नाही. मग बोट सुटले. पाहुणे गेले, घर अंधारले, आणि आईने काही न बोलता मेणबत्ती आणि काडेपेटी आणून त्याच्यापुढे ठेवली. आता तू कर, असेच ती सांगते आहे असे त्याला वाटले. नाही म्हणण्याचे धैर्य त्याला झाले नाही. त्याने मेणबत्ती बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे लावली आणि वडिलांच्या चालीवर, वडिलांइतक्याच संथपणे, सुरुवात केली. आई येऊन बसली. तिचा आवाज त्याच्या आवाजात मिसळला, तेव्हा त्याने ठरवले होते: तिला याचा आधार आहे, तोवर आपण हे सोडायचे नाही.

आता त्याला आठवू लागले. पंखा बंद होता. समोरच्या चाळीतली पोरे ओरडत होती, लाइट गेले की ओरडतात तशी. तो अंधार त्याने आजवर दुःखाचा मानला होता. तो विजेचा होता.

सहा वर्षे. आजारपणे, परीक्षा, पावसाळे, सारे धरून सहा वर्षे, दोन माणसे रोज साडेसातला एकमेकांसाठी बसत होती, आणि आपल्याला हवे आहे म्हणून कोणीच बसत नव्हते.

त्या संध्याकाळी तो घरी गेला आणि नेहमीसारखाच बसला. आईने दोन चटया अंथरल्या, मेणबत्ती लावली, उठून ट्यूबलाइट बंद केला. त्याने तिच्या बटणावरच्या हाताकडे पाहिले. विहारात कोणी दिवे मालवत नाही. वडीलही कधी मालवत नसत. हे फक्त त्यांच्याच घरात होते, आणि सहा वर्षांत त्यामागचे कारण त्याने एकदाही विचारले नव्हते. पहिल्या दिवशी अंधार होता, म्हणून रोज अंधार. एका नादुरुस्त तारेची एक संध्याकाळ त्यांनी विधीसारखी जपून ठेवली होती. दुसऱ्या कोणाच्या घरात त्याला हे आढळले असते, तर त्याने टिपणवहीत तीन पाने लिहिली असती.

दिवसभरात त्या दोघांत जेवण, पाणी आणि किल्ली यांपलीकडे फारसे बोलणे होत नसे. दोघेही तसेच होते. बोलके होते ते नरेंद्र. त्यांचे आवाज एकत्र येत ते एवढ्या पंधरा मिनिटांत. सांगावे, तर ती म्हणेल, मग कशाला बसायचे? आणि ते खरेच होईल. मग साडेसात वाजतील, ती एका खोलीत असेल, तो दुसऱ्या, आणि मध्ये टीव्ही. न सांगावे, तर रोज तिच्या शेजारी बसून, तिने त्याच्यापासून लपवलेले त्याला ठाऊक असल्याचे तिच्यापासून लपवायचे. यातले कोणते खोटे कमी खोटे, हे त्याला ठरवता येईना. शब्द तोंडातून निघत राहिले. मध्येच त्याच्या मनात आले की आई या क्षणी कशाचा विचार करीत असेल. आणि मग असेही, की तीही हाच विचार करीत असेल. "साधू, साधू, साधू," आई म्हणाली, आणि उठून तिने ट्यूबलाइट लावला.

शनिवारी तो आणि शलाका बदलापूरला त्या म्हातारीकडे गेले. कौसाबाईची शेती गेली होती आणि तिच्या जागी चौदा मजल्यांच्या सहा इमारती उभ्या राहिल्या होत्या. बांधावरचा गावदेव मात्र बिल्डरने हलवला नव्हता. त्याला टाइल्स लावल्या होत्या आणि आता तो सोसायटीच्या आत, मुलांच्या घसरगुंडीशेजारी होता. कौसाबाईचे घर भिंतीच्या बाहेर राहिले होते.

"गेटावर तो पोऱ्या इचारतो, कोनाकडं जायाचं?" ती सांगत होती. "म्या म्हनते, देवाकडं. तो म्हनतो, आज्जी, फ्लॅट नंबर सांगा, त्याशिवाय मोबाइल पुढं जात न्हाई."

शलाकाला हसू आवरेना. "मग काय सांगता?"

"आता त्यानंच शोधून काढलाय. क्लबहाऊस टाकतो. माझा देव क्लबहाऊसमंदी ऱ्हातो बघ." म्हातारीही तोंडाला पदर लावून हसली.

राजरत्नने राहिलेले प्रश्न विचारले, आणि शेवटी सतरावा. बघायला कोणी नसेल, त्या दिवशी ती जाते का?

कौसाबाईने त्याच्याकडे असे पाहिले, जणू शिकलेल्या पोराकडून तिला याहून बरे अपेक्षित होते. "कोनी नसंल तवाच जायाला पायजे ना, बाबा. त्याला एकल्याला कसा ठेवू?"

शलाकाने एक हा आकडा लिहिला. राजरत्न त्या आकड्याकडे पाहत राहिला. म्हातारी होय म्हणाली होती हे खरे. पण ती नेमकी कोणत्या प्रश्नाला होय म्हणाली, हे त्याला कळले नव्हते.

परतताना शेअर रिक्षाच्या रांगेत तो अखेर बोलला. "एकशे बाराचा फॉर्म. तो तू भरलास."

शलाकाने त्याच्याकडे वळून पाहिले. मग म्हणाली, "वाचलास ना? चार दिवस तुझं तोंड बघतेय मी."

"तुला माहीत होतं ते माझं घर आहे?"

"आत गेल्यावर कळलं. भिंतीवर तुझा शाळेतला फोटो आहे, यार. तेल लावून पाडलेला भांग. मला काय करायला हवं होतं? काकूंना सांगू, की तुमच्या घराला नियम लागू नाही? नियम तूच केलेस. आणि त्या इतक्या खुशीत होत्या! म्हणाल्या, मला कोणी काही विचारत नाही, बस, विचार."

"मला कोणी काही विचारत नाही," राजरत्न हळूच म्हणाला.

"तुला टोमणा नव्हता तो."

"होता."

"बरं, असेल." तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "सोमवारी मॅडमना सगळं द्यायचंय. सतराव्याला दोन आहे, सरळ दोन टाक. त्यांचं उत्तर आहे ते, तुझं नाही."

"आणि माझं उत्तर?"

"तुझं घर एकदाच चिठ्ठीत निघालं, राजरत्न. उत्तर एकाचंच घ्यायचं, हाही नियम तुझाच." मग तिचा आवाज मऊ झाला. "तू काय लिहिशील?"

रिक्षा आली, आणि त्याने शलाकाला जाऊ दिले. तिचे घर बदलापुरातच होते, दुसऱ्या बाजूला.

मग त्याने एक अशी गोष्ट केली, जिची त्याला नंतर बराच काळ लाज वाटणार होती. त्याने आईला फोन केला. "मला उशीर होईल. नऊ तरी वाजतील. तू जेवून घे." आणि फोन ठेवून तो लगेच अंबरनाथच्या रिक्षात बसला.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी तो बुवापाड्यातल्या आपल्या चाळीच्या गॅलरीत, स्वतःच्याच खिडकीबाहेर, चपला हातात घेऊन उभा होता. प्रबंधाच्या भाषेत याला निरीक्षण म्हणतात. शेजारच्या दारातून फोडणीचा वास येत होता. कोणी बाहेर आले असते तर काय सांगायचे, हे त्याने ठरवले नव्हते.

ट्यूबलाइट चालू होता. टीव्ही बंद होता. आई चटईवर पाठमोरी बसली होती. तिच्या शेजारी दुसरी चटई अंथरलेली होती, त्याची. मेणबत्ती तसबिरींपुढे उभी होती, न पेटवलेली. काडेपेटी आईच्या मुठीत होती.

साडेसात झाले. सात पस्तीस झाले. आईने काडी ओढली नाही. तिचे ओठ हलत होते की नाही हे मागून दिसत नव्हते. आवाज तरी येत नव्हता. मधूनच ती रिकाम्या चटईचा दुमडलेला कोपरा हाताने सारखा करी, आणि पुन्हा तशीच बसे. पावणेआठ झाले.

फॉर्म खरे सांगत होता. तो नसताना ती वंदना करीत नव्हती. पण हे न करणेही साडेसातलाच, त्याच जागी, दोन चटया अंथरून होत होते. याला दोन म्हणायचे? एक म्हणायचे? वीस मिनिटे त्याने पाहिले होते, आणि फॉर्म वाचण्यापूर्वी त्याला जेवढे ठाऊक होते, त्याहून आता कमी ठाऊक होते. गॅलरीत उभे राहून त्याला एवढेच स्पष्ट जाणवत होते की तिच्या शेजारची ती जागा त्याची आहे, आणि तो तिथे नाही.

त्याने दार वाजवले.

"आलास?" आईने दार उघडले. काडेपेटी अजून हातातच होती. "नऊ म्हणाला होतास ना?"

"लवकर झालं."

"चपला हातात कशाला?"

चपला खाली ठेवून, हातपाय धुऊन तो आपल्या चटईवर येऊन बसला. आईने मेणबत्ती पेटवली आणि सवयीने बटणाकडे निघाली.

"आई."

"काय?"

"मी नसतो त्या दिवशी... तू काय करतेस?"

ती बटणाशीच थांबली. वळली. त्याच्या आईने, मायाबाईंनी, तीस वर्षे बालवाडीत अशा मुलांकडे पाहिले होते, ज्यांना विचारायचे एक असते आणि ती विचारतात दुसरे.

"हे तुझा कागद विचारतोय की तू?"

त्याने खाली पाहिले. सांगावे, की कागद वाचला आहे. सांगावे, की मेणबत्ती उजेडासाठी होती हे आता कळले आहे. सांगावे, की मीही तुझ्याचसाठी बसत आलो. तिन्ही वाक्ये एकदमच पुढे आली आणि एकमेकांना अडून राहिली.

"माहीत नाही," तो म्हणाला.

आईला कळले असावे. किंवा तिला एवढेच दिसले असावे, की पोराचा चेहरा उतरला आहे. राजरत्नला हेही पुढे कधी ठरवता आले नाही.

"मग आधी बसू या," ती म्हणाली. तिचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

"राहू दे लाइट," तो म्हणाला.

"चालू?"

"आज असू दे."

आईने हात मागे घेतला. येऊन आपल्या चटईवर बसली. भर उजेडात मेणबत्तीची ज्योत पिवळट आणि कसनुशी दिसत होती. तिच्याने काही उजळत नव्हते. आईच्या कानामागचे पांढरे केस दिसत होते. गुडघा दुमडताना तिला दुखते, हेही दिसत होते. अंधारात ते त्याला कधी कळले नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिले आणि त्याने तिच्याकडे. सुरुवात नेहमी तो करी, कारण पहिल्या दिवशी त्याने केली होती. आज तो गप्प राहिला. ती करील म्हणून तो थांबला, आणि तो करील म्हणून ती. समोरच्या चाळीत कोणीतरी बादली ओतली. ज्योत वाऱ्याने एकदा आडवी झाली, सरळ झाली.

मग दोघांनी एकदमच सुरुवात केली, वेगवेगळ्या सुरात. दोघेही अडखळले. आई हसली. त्याचे डोळे भरून आले, आणि ते तिला दिसले, कारण लाइट चालू होता.

"पुन्हा," ती म्हणाली. बालवाडीत म्हणत असे, तसेच. "पहिल्यापासून."

सोमवारी त्याने शेवटचा फॉर्म संगणकात भरला. सतराव्या प्रश्नाच्या चौकटीपाशी त्याचे बोट थांबले. आईचे उत्तर दोन होते, आणि ते बदलण्याचा त्याला अधिकार नव्हता. त्याने दोन लिहिले. मग शेऱ्याच्या रकान्यात, जो संपूर्ण प्रकल्पात त्याने एकदाही वापरला नव्हता, त्याने लिहिले: "संशोधकाने हे घर जवळून पाहिले आहे. त्याचे उत्तर, नऊ."

ऋता मॅडमनी तो शेरा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "हा आळस आहे का, राजरत्न?"

"नाही, मॅडम," तो म्हणाला. मग प्रामाणिकपणे थोडा विचार करून म्हणाला, "मला सांगता येत नाही."